सोसायटीच्या आनंदमेळ्यात मकाव, इग्वाना, अजगर: आयोजकांनो, या चुका टाळा

खांद्यावर मकाव (मोठा परदेशी पोपट) बसवून फोटो काढायचा प्रकार हल्ली सोसायटीच्या मेळ्यातही दिसतो. आयोजक मालकाला एकच प्रश्न विचारतात, ‘हा पाळायला चालतो ना?’ ‘हो’ म्हटलं की स्टॉल पक्का. पण प्राणी बाळगणं, तो लोकांपुढे मांडणं आणि लोकांच्या हातात देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला परवानगी म्हणजे बाकी दोन्हींना आपोआप नाही.

देशी प्राण्याला ‘घरचा’ समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मकाव परदेशी म्हणून सगळे बिचकतात आणि शेजारच्या पिंजऱ्यातल्या गळ्यात कंठ असलेल्या आपल्या हिरव्या पोपटाकडे कोणी बघतही नाही. कागद नीट असतील तर मकाव पाळता येतो. तो पोपट येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये तो दुसऱ्या अनुसूचीत (संरक्षित प्राण्यांच्या यादीत) आहे, तर ‘लक्ष्मी येते’ म्हणून टाकीत ठेवलेलं स्टार कासव पहिल्या अनुसूचीत. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षं कैद होऊ शकते. ‘आजोबांच्या काळापासून आहे’ हा बचाव चालत नाही.

‘जनजागृती’ म्हणून सर्पमित्राला पकडलेला नाग मांडवात आणायला सांगणं हेही याच खात्यात जातं. सुटका केलेला साप निसर्गात परत सोडायचा असतो, प्रदर्शनात ठेवायचा नसतो. बत्तीस शिराळ्यात २०२५ मध्ये केंद्राने शैक्षणिक उद्देशाने नाग पकडायची परवानगी दिली, तीही २१ जणांपुरती आणि ठरावीक दिवसांची. तुमच्या मंडळाला त्याचा दाखला देता येणार नाही. मोठे फोटो आणि रबरी प्रतिकृती वापरा, मुलं तेवढीच रमतात.

‘कागद आहेत’ या शब्दावर विश्वास ठेवणं

कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिने आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्रजाती चौथ्या अनुसूचीत घातल्या. २०२४ च्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे, त्याने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची. नवा प्राणी घेतला तर मुदत ३० दिवसांची. पिल्लू झालं, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी कळवावं लागतं.

मकाव, आफ्रिकन ग्रे आणि सन कॉन्युर हे पोपट, बॉल पायथन हा परदेशी अजगर, हिरवा इग्वाना हा मोठा सरडा, मार्मोसेट हे चिमुकलं माकड हे सगळे यात येतात. बजरीगर, कॉकाटील हे छोटे पोपट आणि खारीएवढा शुगर ग्लायडर येत नाहीत. लव्हबर्डमध्ये मात्र फसगत होते: गुलाबी तोंडाचा नोंदणीतून सुटतो, फिशर जातीचा सुटत नाही. दुकानदाराचं बिल म्हणजे नोंदणी नव्हे, आणि २०२० मध्ये परदेशी प्राणी असल्याचं सरकारला स्वतःहून कळवल्याची (ऐच्छिक घोषणेची) पावतीही नव्हे.

मेळ्याच्या किमान आठवडाभर आधी नोंदणीची प्रत मागवा आणि तीन गोष्टी ताडून बघा: प्रजाती, मालकाचं नाव, आणि पायातल्या रिंगचा किंवा चिपचा क्रमांक दिलेला असेल तर तो. प्रमाणपत्र एकाचं आणि स्टॉलवर प्राणी धरून त्याचा मित्र उभा, असं असेल तर तिथेच ‘नको’ म्हणा.

‘तिकीट नाही, मग परवानगी कशाला?’

तिकिटाचा मुद्दा आला कुठून, तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० मध्ये ‘प्रदर्शन’ म्हणजे तिकीट लावून केलेला खेळ असं म्हटलंय. पण त्याच कायद्याखालचे २००१ चे नियम लोकांना प्रवेश असलेल्या कोणत्याही करमणुकीत वापरलेल्या प्राण्याबद्दल बोलतात, आणि त्यासाठी भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. पोपटाकडून चिठ्ठ्या उचलून घेणं किंवा ‘५० रुपयांत फोटो’ हे सरळ त्यात ओढलं जाऊ शकतं. माकड आणि अस्वल यांच्या खेळांवर तर बंदीच आहे.

पोलीस ठाण्याच्या आणि महापालिकेच्या मैदानाच्या अर्जात ‘विविध स्टॉल’ एवढंच लिहू नका. प्रजाती, संख्या, मालकाचं नाव आणि वेळ लिहा, आणि एक प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात देऊन पोच घ्या. आणि प्राणी विक्रीला ठेवू नका: विक्रीची नोंदणी पक्क्या दुकानाची असते, मांडवाची नाही.

मांडव चुकीच्या जागी

पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात. बंद सभागृहात डोशाचा नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. धूप, फटाके आणि डासांची धूरफवारणीही तितकीच वाईट. त्या संध्याकाळची फवारणी रद्द करायला आधीच सांगून ठेवा. अजगर ढोल आणि डीजेची थरथर जमिनीतून ओळखतो, त्यामुळे स्पीकर एका टोकाला, प्राणी दुसऱ्या. शुगर ग्लायडर रात्री जागणारा प्राणी, त्याला दुपारच्या उन्हात खिशातून काढून दाखवणं म्हणजे छळ.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जंतू असू शकतो. म्हणून खाण्याचे स्टॉल लांब आणि बाहेर पडायच्या वाटेवर नळ नि साबण हवा. सॅनिटायझरची बाटली पुरत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना हात लावू देऊ नका. प्रत्येक प्राण्यामागे दोन माणसं ठेवा, एक प्राण्यासाठी, दुसरा रांगेसाठी. अजगराने खाल्ल्यावर दोन दिवस त्याला कोणीच उचलायचं नाही, नाहीतर तो खाल्लेलं ओकतो. हे मालकाला विचारूनच तारीख ठरवा.

सुटला तर

मकाव उडाला तर मागे धावू नका आणि पाणीही मारू नका. पिंजरा दार उघडून उंचावर ठेवा, मालकाने नेहमीच्या आवाजात हाक मारत राहायचं. अंधार पडला तर बसलेली फांदी लक्षात ठेवून पहाटे परत या. अजगर सुटला तर माइकवरून ‘साप’ हा शब्द उच्चारू नका, गर्दी काठ्या शोधेल. दारं बंद करा, लोकांना एका बाजूने बाहेर काढा आणि वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. कोणाला चावा घेतला आणि राखणीत निष्काळजीपणा दिसला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मेळा संपल्यावर नकोसं झालेलं लाल कानाचं कासव जवळच्या तळ्यात सोडणाऱ्याला थांबवा. ते तिथे तग धरतं आणि देशी कासवांची जागा बळकावतं. मालक परत न्यायला तयार नसेल तर मांडव उतरवायच्या आधीच प्राणी आश्रयगृहाशी बोलून ठेवा.