गवती चहाच्या तेलाचा काळपटपणा असा गेला
लोखंडी टाकीतून निघणारे आमचे गवती चहाचे तेल काळपट आणि गढूळ येत असे, त्यामुळे व्यापारी भाव पाडून मागत. रंग लोहाच्या अंशामुळे बिघडतो आणि गढूळपणा उरलेल्या पाण्यामुळे येतो, हे ध्यानात आल्यावर मी तेल टार्टारिक आम्लाच्या सौम्य द्रावणाबरोबर ढवळून निवळत ठेवले. लोह खालच्या पाण्यात उतरले आणि वर पिवळे तेल तरंगले. ते वेगळे काढून पाण्याने धुतले व त्यात उरलेले पाणी शोषून घेणारी निर्जल सोडियम सल्फेटची पूड घातली. पहिली पूड तळाशी गोळा होऊन चिकटते. नवी पूड मोकळी फिरू लागेपर्यंत ती थोडीथोडी घालत राहावे, येथे घाई मुळीच करू नये. मग गाळून गडद काचेच्या बाटल्या काठोकाठ भरल्या, कारण सिट्रल, म्हणजे या तेलाचा मुख्य सुगंधी घटक, हवेने व उजेडाने बिघडते. जळका वास मात्र या रीतीने जात नाही. त्यासाठी पुन्हा ऊर्ध्वपातनच करावे लागते.