बार्सिलोनात गौडी बघून झाला? आता अर्धी सकाळ पेरे ब्लायला द्या

गौडीसाठी दोन दिवस, फुटबॉल स्टेडियमसाठी एक, आणि त्याच्या तीनशे वर्षं आधीच्या वास्तुकार पेरे ब्लायसाठी शून्य, असंच असतं सगळ्यांचं. गंमत म्हणजे गौडी मुळात रेऊस गावाकडचा, आणि हा ब्लाय पक्का बार्सिलोनाचा, जन्म साधारण १५५३चा. त्याचं इथलं सगळ्यात मोठं काम म्हणजे पालाउ दे ला जनरालितात, कॅटलान सरकारचं मुख्यालय, त्याचा दर्शनी भाग.

पण थेट समोर जाऊन उभे राहू नका, मी तेच केलं आणि "सरकारी ऑफिस दिसतंय" म्हणून पुढे निघालो होतो. आधी कॅथेड्रलपाशी जा, तिथून कारेर देल बिस्बे ह्या अरुंद गल्लीतून चालत या. उजव्या हाताला ह्याच इमारतीची जुनी बाजू लागते, १४१८च्या सुमाराची, मार्क साफोंतने बांधलेली, मध्ययुगीन गॉथिक शैलीची. वर मान करून बघा, घोड्यावरचा सान्त जोर्दी (म्हणजे सेंट जॉर्ज, कॅटलोनियाचा रक्षक संत) ड्रॅगनला मारतोय, पावसाचं पाणी ओकणारी दगडी तोंडं आहेत, नुसती बारीक नक्षी. (गल्लीवरचा तो पूल, ज्याचे सगळे फोटो काढतात, तो १९२८चा आहे, फसू नका.)

आता गल्ली संपली की प्लासा दे सान्त जाउमे, चौक ओलांडून महापालिकेकडे पाठ करून उभे राहा आणि समोर बघा. एकाच इमारतीचं दुसरं तोंड, पण सगळं सरळ, मोजून-मापून, नक्षी जवळपास नाहीच! १५९६ला काम सुरू झालं तेव्हा इटलीतली रेनेसाँ शैली, म्हणजे जुन्या रोमन इमारतींवरून घेतलेला साधेपणा, ब्लायने इथे अशी उतरवली. दाराचे चार डोरिक (साध्या माथ्याचे) खांब जवळून बघाच, ते त्याच्याही कितीतरी आधीचे, रोमन काळातले, तारागोनाहून आणलेले. दारावरचा सान्त जोर्दी मात्र १९व्या शतकातला, त्याचं क्रेडिट ब्लायला देऊ नका. आणि हा ऐसपैस चौकही तेव्हा नव्हता, इथे सान्त जाउमेचं चर्च होतं, ते १८२३ला पाडलं, म्हणजे आपल्याला आज जेवढं लांबून दिसतं तेवढं ब्लायला स्वतःलाही दिसलं नसणार.

फोटो सकाळीच काढा, दुपारनंतर ही बाजू सावलीत जाते.

आत जायचं तर सान्त जोर्दी हॉलसाठी जा. जाडजूड खांब, मध्ये घुमट, हे पण ब्लायचंच, आणि बांधताना ते प्रार्थनाघर म्हणून बांधलेलं, ते कळलं की घुमट का आहे ते कळतं. आत सोडतात ते ठरावीक दिवशीच, त्यामुळे ऑनलाइन आधी बुक करा, ओळखपत्र बरोबर ठेवा. २३ एप्रिलला सान्त जोर्दीच्या सणाला दारं सगळ्यांना उघडतात, पण त्या दिवशी पुस्तकं आणि गुलाब घ्यायला अख्खं शहर रस्त्यावर असतं, तेव्हा लवकर उठून रांगेत लागायची तयारी असेल तरच.

मेट्रो जाउमे प्रिमेर, लाइन ४.