कोंबड्यांच्या खाद्यात राय वापरताना

प्रथम नावाचा घोळ मिटवू: ही राय म्हणजे फोडणीतली राई नव्हे. गव्हाच्या कुळातले हे बारीक, लांबट, राखाडी-हिरवट धान्य पोलंड, जर्मनी, रशिया अशा थंड देशांत पिकते. मराठवाड्यात ते पिकत नाही. मात्र मक्याचा भाव चढला की पर्यायी धान्यांची चौकशी सुरू होते आणि त्यात रायचेही नाव येते. प्रथिने आणि लायसिन (वाढीसाठी लागणारे एक अमिनो आम्ल) मक्यापेक्षा थोडे जास्त असल्यामुळे कागदावर ती बरी दिसते. अडचण कोंबडीच्या आतड्यात सुरू होते.

रायमधील अरॅबिनोझायलन हा तंतुमय घटक भरपूर पाणी धरून आतड्यातील खाद्य खळीसारखे घट्ट व चिकट करतो, त्यामुळे पाचक रस स्निग्ध पदार्थांपर्यंत नीट पोहोचत नाहीत आणि त्यांच्यासोबत शोषली जाणारी अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वेही वाया जातात. न पचलेल्या अन्नावर क्लॉस्ट्रिडियमसारखे जिवाणू पोसले जातात. याचा अंदाज घरीच घेता येतो: रायचे आणि बाजरीचे पीठ दोन पेल्यांत सारख्याच कोमट पाण्यात कालवून अर्धा तास ठेवावे. राय चमच्यावरून तार धरत ओघळते, बाजरी तशी ओघळत नाही.

पहिल्या तीन आठवड्यांच्या पिल्लांना राय देऊच नये, कारण त्यांचे आतडे हा चिकटपणा सोसत नाही. पुढे ब्रॉयलरला 5 टक्क्यांपासून सुरुवात करावी. अंड्यावरच्या कोंबड्या थोडी अधिक सोसतात, तरी 10 टक्क्यांपुढे मी जाणार नाही. झायलनेज एन्झाइम सोबत हवेच, कारण तेच या तंतूंचे तुकडे करून चिकटपणा उतरवते. त्याची पाकिटावर दिलेली मात्रा आधी एक-दोन किलो भरड्यात मिसळून मग सगळ्या खाद्यात कालवावी. थेट पोत्यात टाकल्यास ती सारखी पसरत नाही. रायमध्ये पिवळ्या रंगद्रव्याचा अंशही नगण्य असल्याने मका कमी केला की बलक फिका पडतो.

मिश्रण बदलल्यावर दोन-तीन दिवस शेडमध्ये अंथरलेले तूस पाहावे. मुठीत दाबलेले तूस मूठ उघडल्यावर सुटे झाले तर ठीक; गोळा तसाच राहिला, कोंबड्यांच्या मागे विष्ठा चिकटली किंवा अमोनियाने डोळे चुरचुरले, तर रायचे प्रमाण त्याच दिवशी उतरवावे, अन्यथा ओल्या तुसावर तळपायांना जखमा होतात.

खरेदीपूर्वी मूठभर दाणे पांढऱ्या कापडावर पसरावेत. जालना-बीडकडच्या बाजरीवाल्यांना अरगट हा कणसावरचा बुरशीजन्य रोग नवा नाही. रायवरही त्याच कुळातील बुरशी येते आणि दाण्याच्या जागी जांभळट-काळी लांबट गाठ तयार होते. तिच्या विषाने कोंबड्या खाद्य सोडतात, तुरे काळवंडतात. अशी एक जरी गाठ दिसली तरी ते पोते परत करावे आणि मक्याची तूट स्वच्छ बाजरीच्या भरड्याने भरून काढावी.