लॉगिन पुन्हा पुन्हा मागतंय? आधी जेसेशनआयडी बघा

वर्धा जिल्ह्यातल्या एका जिनिंगवर मी लिहिलेला काटा-पावतीचा जावा प्रोग्राम चालतो. ऐन हंगामात काट्यावरच्या पोराचा फोन आला, "भाऊ, पावती काढाले गेलो का पुन्हा लॉगिनच मागून राह्यलं." बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. मी घाईघाईत सेशनची मुदत ३० मिनिटांवरून ८ तास केली. काडीचाही फरक पडला नाही. चूक माझीच होती, पण ती मुदतीत नव्हती.

म्हणून मुदतीला लगेच हात लावू नका. जिनिंगवर भरलेली गाडी आली की वजन होतं, रजिस्टरात नोंद होते आणि गाडीवाल्याला नंबरचा बिल्ला मिळतो. गाडी खाली करून तो परत काट्यावर आला की बिल्ला बघून नोंद काढतात. कुकी म्हणजे हा बिल्ला, सेशन म्हणजे सर्व्हरवरचं रजिस्टर. जावाचे वेब प्रोग्राम चालवणारा सर्व्हर म्हणजे टॉमकॅट, त्याच्या बिल्ल्याचं नाव जेसेशनआयडी. आता बिल्ला दिलाच नाही, दिला पण परत दाखवला नाही, की दाखवला पण रजिस्टरात तो नंबरच नाही? यातलं काय झालं ते आधी ठरवा.

ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा आणि 'प्रिझर्व्ह लॉग'वर टिक करा. टिक विसरलात तर पान बदलताच आधीच्या ओळी पुसल्या जातात. मग लॉगिन करा. लॉगिनच्या उत्तरात 'सेट-कुकी' आणि पुढच्या रिक्वेस्टमध्ये 'कुकी', या दोन ओळी शेजारीशेजारी कागदावर उतरवा. लॉगिन होताना आयडी बदलला तर घाबरू नका, सुरक्षेसाठी तो मुद्दाम बदलतात.

सर्व्हरच्या बाजूला एका फिल्टरमध्ये (रिक्वेस्ट आधी ज्या कोडमधून जाते तो) गेटरिक्वेस्टेडसेशनआयडी आणि इझरिक्वेस्टेडसेशनआयडीव्हॅलिड या दोन मेथडची उत्तरं लॉगमध्ये लिहा. पहिलीचं उत्तर नल, म्हणजे रिकामं, असेल तर बिल्ला आलाच नाही. आयडी आला पण दुसरी फॉल्स म्हणते, तर रजिस्टरात गडबड. पूर्ण आयडी लॉगमध्ये टाकू नका, शेवटची चार अक्षरं पुरतात. तो ज्याच्या हाती लागेल तो लॉगिन न करता आत येईल. तपासणीच्या कोडमध्ये गेटसेशन नुसतं वापरू नका, कंसात फॉल्स द्या. नाहीतर ते गुपचूप नवं सेशन काढून देतं आणि मूळ दोष झाकला जातो.

सेट-कुकी दिसतच नसेल तर बहुधा सेशन मागण्याआधीच पानाचा काही भाग ब्राउझरकडे गेलेला असतो. लॉगमध्ये इल्लीगलस्टेटएक्सेप्शन शोधा.

कुकी आली पण परत गेली नाही, तर तिच्यावर 'सिक्युअर' आहे का बघा. ती साध्या एचटीटीपीवर चालत नाही. गंमत अशी की क्रोम आणि फायरफॉक्स लोकलहोस्टला सवलत देतात, म्हणून आपल्या लॅपटॉपवर सगळं ठीक आणि काट्याच्या १९२.१६८ वाल्या पत्त्यावर बंद! टॉमकॅटच्या पुढे एनजिनएक्स (रिक्वेस्ट आत पोचवणारा सर्व्हर) असेल तर कुकीचा पाथ, म्हणजे ती ज्या पत्त्याखाली चालते तो, जुळतो का पाहा. पेमेंटच्या पानावरून पोस्टने परत येताना सेशन हरवत असेल तर 'सेमसाइट' बघा, दुसऱ्या साइटवरून येताना कुकी पाठवायची की नाही ते त्यावर ठरतं. ते लिहिलेलं नसेल तर क्रोम २०२० पासून 'लॅक्स' धरतो, त्यात अशा पोस्टसोबत कुकी सहसा जात नाही. तिथे 'नन' लागतं, आणि त्यासोबत सिक्युअरही.

कुकी गेली तरी सर्व्हर ओळखत नाही, तेव्हा मुदतीकडे वळा. टॉमकॅटची मूळ मुदत ३० मिनिटं. वेब.एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये आकडा मिनिटांत असतो, कोडमधल्या सेटमॅक्सइनॅक्टिव्हइंटरव्हलमध्ये सेकंदांत. तिथे ३० लिहिलं की अर्ध्या मिनिटात बाहेर. आपल्याकडे लाईटही जाते. टॉमकॅट नीट बंद केला तर तो चालू सेशन फाइलमध्ये ठेवून जाऊ शकतो, मात्र सेशनमधल्या वस्तू सिरियलायझेबल, म्हणजे फाइलमध्ये उतरवता येण्याजोग्या, हव्यात. लाईट गेली की तेवढी सवडच मिळत नाही, सगळ्यांना पुन्हा लॉगिन करावं लागतं.

माझ्या लॉगमध्ये दर वेळी आयडी येत होता आणि उत्तर फॉल्स होतं. तासभर डोकं खाजवल्यावर पोराच्या स्क्रीनवर शेजारचा टॅब दिसला: शेतकऱ्यांच्या चुकाऱ्यांचा हिशेब. त्याच मशीनवर दुसरा टॉमकॅट, काटा पोर्ट ८०८० वर तर चुकारे ८०८१ वर, आणि दोन्ही रूट म्हणून, म्हणजे '/' या मूळ पाथवर, टाकलेले. कुकीला पोर्ट कळत नाही. होस्ट तोच, पाथ तोच, नाव तेच, म्हणून चुकाऱ्याचं पान उघडलं की त्याचा जेसेशनआयडी काट्याच्या जेसेशनआयडीवर बसायचा.

उपाय तीन ओळींचा. वेब.एक्सएमएलमध्ये सेशन-कॉन्फिग, त्यात कुकी-कॉन्फिग, त्यात नेम: एकाला काटासेशन, दुसऱ्याला चुकारासेशन. ही सोय जावाच्या सर्व्हलेट ३.० आवृत्तीपासून आहे. दोन्ही टॉमकॅट पुन्हा चालू केले, मुदत परत ३० मिनिटं केली आणि पोराला दोन्ही टॅब उघडे ठेवून रांगेतल्या पहिल्या गाडीची पावती काढायला लावली. निघाली.