नाताळच्या केकसाठी ओला नारळ आधी तयार करून ठेवायचा तर

आमच्याकडे इंदूरला नाताळच्या सुट्टीत नणंदेची मुलं येतात आणि रवा-नारळाचा केक तर होतोच होतो, गोव्यात नाताळला बाथ करतात ना त्याच वळणाचा. पाव किलो रवा, पाव किलो ओल्या नारळाचा चव, बाकी लोणी साखर अंडी. केक तसा पटकन होतो पण नारळ फोडा, सोला, खवा, दूध काढा हे पण त्याच दिवशी काढलं तर संध्याकाळपर्यंत माणूस थकून जातं, म्हणून मी चार दिवस आधीपासून थोडं थोडं करते.

आधी नारळ. तो इथे पिकत नाही, दक्षिणेकडून येतो, आणि आला की दुकानात किती दिवस पडून राहील सांगता येत नाही. त्यामुळे हातात घेऊन जड लागतो का बघा, कानाशी हलवा, पाणी भरपूर वाजलं पाहिजे, आणि तिन्ही डोळे कोरडे हवेत, तिथे ओल किंवा बुरशी दिसली तर सरळ ठेवून द्या. खजराण्याच्या गणपतीचा प्रसादाचा नारळ घरात असतोच, तो पण चालतो, फक्त फोडल्यावर चाखून बघा. दोन लागणार असतील तर तीन आणा, एखादा खराब निघतोच.

फोडायच्या आधी मऊ असतो तो डोळा टोचून पाणी पेल्यात काढा आणि एक घोट घ्या. आंबट लागलं तर तो नारळ केकमध्ये नको. खोबऱ्याचा तुकडा पण चावून बघा, कधीकधी साबणासारखी चव येते, जुन्या नारळातलं तेल खवट व्हायला लागलं की तसं होतं, आणि ती चव भाजल्यावर पण जात नाही. मी एका वर्षी दुर्लक्ष केलं होतं, अख्खा केक तसाच लागला आणि फार वाईट वाटलं.

खोबरं करवंटीतून सुटत नसेल तर वाट्या रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी दहा मिनिटं बाहेर ठेवून सुरीचं टोक घातलं की बऱ्यापैकी अख्खं निघतं. मग सोलाणीने पाठीची तपकिरी साल काढा. चटणीला ती असली तरी चालते, पण केकमध्ये काळपट ठिपके दिसतात. खवणीवर खवणार असाल तर सालीपर्यंत जाऊच नका, पांढरं पांढरं तेवढं घ्या. मध्यम नारळाचा साधारण तीन कप चव निघतो, तरी कपावर जाऊ नका, वजन करा, कारण दाबून भरलेला कप आणि हलका भरलेला कप यात खूप फरक पडतो.

आता मुख्य गोष्ट, जिच्यामुळे बहुतेकांचा नारळाचा केक मधे बसतो. ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मं पाणीच असतं, पाकिटातल्या सुक्या किसात ते अगदी नावाला. म्हणजे रेसिपीत सुका कीस लिहिलाय आणि तुम्ही तेवढाच ओला चव घातला तर वरचं सगळं पाणी बॅटरमध्ये जातं, मग केक मधे कच्चा आणि कडेला कडक. तेव्हा एक तर दूध कमी करा, नाहीतर चव आधी सुकवा. मी ओव्हन १०० डिग्रीवर ठेवून ट्रेमध्ये पातळ पसरते, अर्धा पाऊण तास, मधेमधे हलवत, रंग बदलू द्यायचा नाही, हाताला मोकळा लागला की झालं. रव्याच्या केकला मात्र सुकवू नका हं, रवा ते पाणी पिऊन फुगतो, त्यानेच केक मऊ राहतो, म्हणून बॅटर पण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं.

चव फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतो. त्याहून आधी करायचा असेल तर पाव पाव किलोच्या झिप पाऊचमध्ये चपटा पसरून, हवा काढून फ्रीजरला टाका, महिनाभर तरी छान राहतो. गोळा करून ठेवला तर दगड होतो आणि पाहिजे तेवढा तोडता येत नाही. आणि थंडी आहे म्हणून ओट्यावर ठेवू नका, इथे रात्री कितीही गारठा असला तरी दुपारी ऊन चांगलं तापतं.

दूध दोन दिवस आधीच काढा, त्याहून आधी नको. एका नारळाच्या चवाला दीड कप कोमट पाणी घालून मिक्सरला फिरवा, मलमलच्या फडक्यातून घट्ट पिळा. फ्रीजमध्ये वर पांढरा जाड थर येईल, ते फाटलं नाहीये, नारळाचं तेल २४ डिग्रीच्या खाली गोठतं म्हणून तसं होतं. पण थंडगार दूध तसंच फेटलेल्या लोण्यात ओतलं की बॅटर फुटतं, म्हणून बरणी कोमट पाण्यात उभी करा, ढवळून एकजीव झालं की घाला. उरलेला चोथा सुकवून बर्फीत जातो.

वरून घालायला वाटीभर चव भाजायचा असतो, जाड बुडाची कढई, मंद आच, हात थांबवायचा नाही. बदामी व्हायच्या जरा आधीच ताटलीत काढा, कढईच्या गरमीने तो पुढे भाजतच राहतो. पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरा, आणि केकवर घालताना केक पण गार हवा, नाहीतर वाफेने तो मऊ पडतो.