तांब्याच्या शोधात मातीचा नमुना: खोली नको, थर जुळवा

प्रत्येक ठिकाणी ठरावीक खोलीवरूनच माती उचलली तर तांब्याचे आकडे फसवतात. उतारावर 20 सेंमीवर लागणारा थर सपाटीवर 40 सेंमीवर असू शकतो. मग नकाशावर दिसणारा आकड्यांचा चढउतार तांब्याचा नसून थराचा निघतो.

1. वरची काळपट, मुळं-पाचोळ्याची माती बाजूला सारा.

2. तिच्याखालचा तांबूस-तपकिरी, जरा चिकट थर लागेपर्यंत खणा. खडकातून सुटलेलं तांबं लोहाच्या ऑक्साइडला आणि चिकणमातीला बहुधा इथेच धरून राहतं. नमुना दरवेळी याच थराचा घ्या.

3. खोली, रंग, उतार तिथेच वहीत टिपा. एखादा आकडा अचानक वर गेला, की खरंखोटं ठरवायला याच नोंदी उपयोगी पडतात, म्हणून कंटाळा नको.

4. वाळवा, ढेकळं हलक्या हाताने मोडा, 80 मेशच्या (एका इंचात 80 छिद्रं असलेल्या) चाळणीतून चाळा.

चाळणी मात्र पितळेची नको. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. घासून निघालेला कणही नमुना बिघडवतो. नायलॉनची किंवा स्टेनलेस स्टीलची वापरा, आणि हातातल्या अंगठ्या, कडी आधी काढून ठेवा.