तुर्की अभिजात संगीताचा वृंद बसवताना

शेफ, म्हणजे वृंदाचा संचालक, व्हायचं तर आधी वृंदात बसून एक वाद्य वाजवा. तुर्की संचालक मेसुत जेमिल तानबूर (लांब दांड्याचं तंतुवाद्य) आणि चेलो दोन्ही वाजवत. अंकारा रेडिओवरच्या त्यांच्या वृंदाचा एकसंध सूर अशा तयार कानातून आला.

परंपरेने फासिल (सलग सादर होणाऱ्या रचनांची मालिका) एकाच मकामात (रागासारख्या स्वरचौकटीत) बांधतात, म्हणून मकाम आधी ठरवा, रचना नंतर निवडा. क्रम असा: आधी वाद्यांचा पेश्रेव, मग गायनाच्या रचना (कार, दोन बेस्ते, आर सेमाई, शार्की, युरुक सेमाई), शेवटी वाद्यांची साझ सेमाई. वेळ कमी असेल तर कार गाळा.

मग पट्टी. बोलाहेंक या पट्टीत लिहिलेला स्वर षड्ज-मध्यमाच्या अंतराइतका खाली ऐकू येतो. पुरुष आणि स्त्रिया एकच चाल सप्तकाच्या फरकाने गातात. रचनेतला सर्वांत वरचा स्वर बहुधा मेयानमध्ये (रचनेच्या मधल्या, वर चढणाऱ्या भागात) असतो; तो दोघांना झेपतो का, हे पाहूनच पट्टी पक्की करा.

तालमीचा मोठा भाग सुरांना द्या. अरेल-एझ्गी-उझदिलेक या स्वरलेखन पद्धतीत पूर्ण स्वराचे 9 सूक्ष्म भाग, म्हणजे कोमा. उश्शाक मकामातला सेगाह हा स्वर कागदावर 1 कोमा उतरलेला दिसतो, प्रत्यक्षात तो 2-3 कोमा खाली गातात, विशेषतः अवरोहात. नुसता कागद वाचणारा गायक इथेच बेसूर होतो. त्याला तोंडी सांगून उपयोग नाही, तानबूरवर तोच स्वर पुन्हा पुन्हा ऐकवा. कानून या तंतुवाद्याच्या मंडलांच्या (तारेचा सूर बदलणाऱ्या छोट्या खटक्यांच्या) पायऱ्या ठरलेल्या असतात. कुठलं मंडल कधी उचलायचं हे वादकाशी आधीच ठरवलं नाही, तर नेय (बासरी) आणि कानून एकमेकांशी भांडत राहतात.

उसुल, म्हणजे ताल, मांडीवर शिकवा: उजव्या हाताने दुम (जड ठोका), डाव्याने तेक (हलका ठोका). 8 मात्रांच्या दुयेकमध्ये दुम 1 मात्रा, तेक 2 मात्रा, तेक 1, दुम 2, तेक 2. सरळ चार-चार मोजणारा दुसऱ्या मात्रेवरचा तेक तिसरीवर ढकलतो आणि सगळे शब्द घसरतात. हे हातात बसल्याशिवाय शब्द देऊच नका.

संयोजनात हात आखडता ठेवा. कोणी कधी थांबायचं, हेच खरं संयोजन: मेयान फक्त स्त्रियांना, तक्सिम (तालाशिवायचं उत्स्फूर्त वादन) केमेंचेला (गजाने वाजवायचं छोटं वाद्य), आरानामेमध्ये (गायनाच्या मधल्या वाद्यांच्या तुकड्यात) सगळी वाद्यं. हार्मनी हवीच असेल तर संगीतकार केमाल इलेरिजी यांची चौथ्या (षड्ज-मध्यम) अंतरांवर उभी केलेली पद्धत अभ्यासा. नेहमीचे मेजर-मायनर कॉर्ड पियानोवर लावले की उश्शाकचा सेगाह मरतो, कारण पियानोत तो स्वरच नाही.

एकाच रचनेच्या प्रतींत फरक आढळतात. सर्वांच्या हाती एकच प्रत द्या आणि श्वासाच्या जागा पेन्सिलने खुणा करून घ्या.